तेल, मीठ, डांबर

रविवारी पहाटे मॅरेथॉनसाठी रस्ते बंद,
म्हणून रिफायनरीची बस गोरव्यालाच अडली.
रात्रपाळीचे आम्ही अकराजण
काचेतून बघत राहिलो धावणाऱ्यांना:
छातीवर नंबर, मनगटावर घड्याळं,
आणि एक काका, पळता पळता फाफड्याची पुडी सांभाळणारे.

पेसी कराणी म्हणाला,
"जो घारपुरे, हजी बी लोको अमारी हारना पेंडा वहेंचे छे!"
सगळी बस हसली.
पेसीनं इराण पाहिलेलं नाही.
त्याचं इराण म्हणजे अग्यारीतला चंदनाचा वास
आणि वर्षातून एकदा येणारा हा विनोद.
तरी पुढं गंभीर होऊन म्हणाला,
राजाचा दूत काय मागतो? चिमूटभर माती, ओंजळभर पाणी.
द्यायचं नसेल तर नका देऊ.
पण त्याला विहिरीत ढकलून
"घे तिथंच दोन्ही" म्हणणारे
शहाणे कसे रे ठरले?

मी गप्प.
मला दुसरीच एक विहीर आठवत होती.

एरेत्रिया नावाचं गाव. समुद्राकाठचं, बेताचं.
कधीकाळच्या उपकाराची फेड म्हणून
पाच जहाजं पाठवली त्यांनी मिलेटसच्या बंडाला.
पाचच.
तिकडं सार्डिस पेटलं, बोरूच्या छपरांवरून
आग घरोघर चालत गेली,
आणि राजाच्या दप्तरात त्या पाचांचीही नोंद झाली.
पुढं आरमार आलं. सहा दिवस लढलं एरेत्रिया.
सातव्या दिवशी त्यांच्यातल्याच दोघांनी
आतून कडी काढली.

मॅरेथॉनच्या मैदानात धूळ उडत होती तेव्हा
ही माणसं एका उजाड बेटावर ठेवलेली होती.
कोण जिंकलं ते त्यांना
परतलेल्या नावाड्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं असेल.
त्या विजयाचा त्यांना
काडीचा उपयोग नव्हता.

राजानं मारलं नाही. वसवलं.
सूसापासून दिवसभराच्या चालीवर,
जिथं एकाच विहिरीतून तीन गोष्टी निघत:
मीठ, डांबर, आणि काळं, उग्र वासाचं तेल.
मोटेऐवजी अर्धं कातडं.
सोडायचं, ओढायचं, हौदात ओतायचं.
मुलं तिथंच झाली, नातवंडंही,
आणि बोलत राहिली आपलीच बोली.

टाकी नंबर एक्केचाळीसवर चढून
रात्री डिप टेप सोडतो मी,
तेव्हा हटकून ते कातडं आठवतं.
माझंही बोट काळं. वास बहुधा तोच.
आमची भाषाही अशीच, कडांनी विरलेली:
मी बायकोला म्हणतो, "लाइट बंध कर."
वडील असते तर खडू फेकून मारला असता,
"दिवा मालव, म्हणावं."
रावपुऱ्यातल्या त्यांच्या मराठी शाळेत
यंदा पहिलीला चार मुलं.

पण थांब, घारपुरे.
ही तुलना खोटी आहे.
तुझ्या खापरपणजोबाला कुणी बांधून आणलं नव्हतं.
तो आला फौजेच्या मागून, दौत-लेखणी घेऊन,
महालोमहाली कुणी किती माती, किती पाणी दिलं
त्याचा हिशेब मोडीत लिहायला.
कुणाची किती जहाजं, ते टिपून ठेवणारा तो.
विहिरीपाशी उभे होतो आपण, खरं आहे,
पण दोर ओढणाऱ्यांत नव्हतो.

बस हलेना.
खिडकीशी एक पोरगी आली, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड,
उरलेला पाण्याचा पाउच पुढं केला.
पेसीनं घेतला, दातानं कोपरा फोडला,
माझ्याकडं बघून डोळा मारला:
"पाणी तो मली गयुं, हवे माटी बाकी."

मी खाली पाहिलं.
बुटांना टाकीखालचा चिखल,
तेलानं काळा,
कोयलीपासून इथवर चिकटून आलेला.